पत्रा फोडण्याआधी



उन्हाळा संपत आला की वस्तीत घरदुरुस्तीची घाई सुरू होते. कुणाला पोटमाळा काढायचा असतो, कुणाला मोरी वाढवायची असते, कुणाकडे लग्न निघालेले असते. पहिला पाऊस पडायच्या आत वरचे पत्रे बदलायचे असतात. अशा वेळी मिस्त्री येतो, दोन पोरे वर चढतात आणि जुना सिमेंटचा पत्रा हातोड्याने फोडून खाली टाकायला सुरुवात होते. या अंकात आपण त्या पत्र्याविषयी बोलणार आहोत.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, आम्ही जिथे आरोग्य तपासणीसाठी जातो त्या वस्तीतल्या विहाराचे छप्पर बदलायचे ठरले. चौदा एप्रिलच्या आधी काम उरकायचे होते. तरुण मंडळी श्रमदानाला उत्साहाने आली. पत्रे जुने होते, नट गंजलेले होते, म्हणून सरळ घण मारून पत्रे पाडले. अख्ख्या गल्लीत पांढरी धूळ उठली. आया-बहिणींनी पदर तोंडाला बांधून खराट्याने ती झाडली, लहान मुलांनी तुकडे उचलून गोण्यांत भरले. काही तुकड्यांनी त्याच दिवशी समोरच्या गल्लीतला खड्डा बुजवला. आम्ही बाजूला चहाचा कप हातात धरून उभे होतो आणि मुलांचे कौतुक करत होतो. आरोग्याचे पान लिहिणाऱ्या आम्हालाही त्या दिवशी कुणाला थांबवायचे सुचले नाही. संध्याकाळी घरी आल्यावर अंगावरची धूळ झटकताना मात्र मनात आले, हा पत्रा नक्की कशाचा होता?

सिमेंटच्या पत्र्यात काय असते

आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. कुणी एसी पत्रा म्हणतो. त्यातल्या 'ए'चा अर्थ ॲस्बेस्टॉस. हा जमिनीतून खणून काढलेला दगडच आहे, पण तो कापसासारखा तंतूतंतूंनी सुटतो. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, ओढले तरी सहज तुटत नाहीत. म्हणून सिमेंटमध्ये ते मिसळले की पातळ पत्राही मजबूत होतो. पत्र्याच्या वजनात साधारण दहावा हिस्सा तंतूंचा असतो, बाकी बहुतेक सिमेंट.

वस्तीत हा पत्रा उगाच आला नाही. तो लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो, पावसात कमी वाजतो, गंजत नाही आणि परवडतो. ज्याच्या डोक्यावर आधी ताडपत्री होती त्याने पै-पै साठवून हा पत्रा घातला, तेव्हा घर झाल्यासारखे वाटले. त्याला कुणी सांगितले नाही की यात काय आहे. त्यामुळे घरी कुणाला दोष देत बसू नका.

आता महत्त्वाची गोष्ट, कारण हे वाचून कुणी आजच घर सोडून पळू नये. धड असलेल्या, न फुटलेल्या पत्र्याखाली झोपणाऱ्याला लगेच मोठा धोका नसतो. तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात. पत्रा फोडला, कापला, भोक पाडले, घासला की तंतू सुटतात. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन ज्याचा वरचा थर भुगा होत आला आहे, त्यातूनही सुटतात. कटर मशीन सगळ्यात वाईट, कारण तिचे फिरते पाते पत्र्याचे पीठ करून हवेत उडवते. हातोडा त्याच्या खालोखाल.

सुटलेला तंतू केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतो. डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही, खोकलाही लगेच येत नाही. जी पांढरी धूळ आपल्याला दिसते ती बसते. जे दिसत नाही ते तासन् तास हवेत राहते. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या अगदी खोल टोकाला जाते आणि तिथे अडकते. शरीराला ते विरघळवता येत नाही. तिथे हळूहळू वण पडतात, फुप्फुस ताठ होते, थोडे चालले की दम लागतो. या आजाराला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. तो बहुधा अनेक वर्षे धुळीत काम केलेल्यांना होतो. याशिवाय फुप्फुसाचा कर्करोग आहे, आणि मेसोथेलिओमा आहे. मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग, आणि त्याचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉसच आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने ही धूळही घेतली असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पांढरा, निळा, तपकिरी, कोणत्याही प्रकारचा ॲस्बेस्टॉस कर्करोग करतो. कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगभरात दरवर्षी दोन लाखांहून जास्त माणसे मरतात, असा तिचा अंदाज आहे. साठाहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्या देशात तो खणून काढणे थांबले, पण परदेशातून पांढरा ॲस्बेस्टॉस येतो आणि त्याचे पत्रे आजही बनतात, दुकानात मिळतात.

वीस-चाळीस वर्षांचा उधार

विहाराचा किस्सा आम्ही एका मिस्त्रीदादांना सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, "ताई, वीस वर्षं पत्रे फोडतोय मी. मला काय झालंय?" त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि इथेच खरी अडचण आहे. या आजारांना बाहेर पडायला वीस, तीस, चाळीस वर्षे लागतात. आज धूळ खाल्लेल्या विशीतल्या पोराला त्याचा हिशेब पन्नाशी-साठीत चुकवावा लागतो. तेव्हा कुणाला त्या दुपारची आठवणही नसते.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतात निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. १९६० साली वॅग्नर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या कित्येकांनी खाणीत कधी कामच केले नव्हते. ते फक्त खाणीच्या आसपास राहिले, लहानपणी तिथे वावरले. इंग्लंडमध्ये तर नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना हा आजार झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे धूळ कामगाराच्या अंगावर बसून घरात आली. एवढे कळल्यावर विहाराच्या अंगणातली ती मुले आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. एका दिवसाच्या धुळीने प्रत्येकाला आजार होतो असे मुळीच नाही, बहुतेकांना काही होणार नाही. धोका किती दिवस, किती धूळ यावर वाढत जातो. पण 'इतकी धूळ घेतली तर काही होत नाही' अशी सुरक्षित रेघ कुणी आखून देऊ शकलेले नाही, म्हणून जेवढी टाळता येईल तेवढी टाळायची.

सर्वांत जास्त धूळ कोण खातो? घरमालकाची एक दुपार जाते. नाक्यावरच्या कामगाराची रोजची दुपार जाते. आणि नाक्यावर उभे राहणारे बहुतेक आपल्याच घरातले असतात.

आधी तपासा

ज्या देशांत बंदी आली तिथेही जुन्या घरांत ॲस्बेस्टॉस उरलेला आहेच. ब्रिटनमध्ये जुन्या इमारतींत मोठी दुरुस्ती किंवा पाडकाम काढण्याआधी कुठे-कुठे ॲस्बेस्टॉस आहे याची तज्ज्ञाकडून पाहणी करून घेतात. पाइपांभोवतीचे वेष्टन, फवारलेला लेप असा भुसभुशीत माल असेल तर तो काढायला परवानाधारक माणसेच लागतात. जागा प्लास्टिकने बंद करतात, माल ओला ठेवतात, माणसे अंगभर पोशाख घालतात. काम संपल्यावर काढणाऱ्याशी संबंध नसलेला दुसरा तज्ज्ञ हवा तपासून दाखला देतो, मगच लोक आत येतात. सिमेंटचा पत्रा त्या मानाने कमी धोक्याचा धरतात, तरी तोही ओला करून, न फोडताच काढायचा असतो.

आपल्याकडे घरगुती कामाला अशी व्यवस्था नाही, मग आपण काय करावे?

तपासणी आपल्याकडेही होते. मान्यताप्राप्त, म्हणजे एनएबीएलची मान्यता असलेल्या काही प्रयोगशाळा पत्र्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ॲस्बेस्टॉस आहे का, असेल तर कोणता, हे सांगतात. आधी फोन करून विचारा की ॲस्बेस्टॉसची 'बल्क' तपासणी करता का, फी किती, नमुना कसा पाठवायचा. नमुन्यासाठी पत्रा फोडायची गरज नाही. कोपऱ्यात आधीच तुटलेला तुकडा बहुतेक घरांत सापडतो. त्यावर पाणी मारा, हातमोजा घालून दोन बोटांएवढा तुकडा झिपच्या पिशवीत घाला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला. वर तारीख आणि जागा लिहा. खालची जागा ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकेही पिशवीत बंद करा. गल्लीतल्या पाच-दहा घरांनी एकाच वेळी, एकाच दुकानातून पत्रे घेतले असतील तर मिळून एक नमुना पाठवून खर्च वाटून घेता येईल. वेगवेगळ्या वर्षांचे पत्रे असतील तर मात्र प्रत्येकाचा वेगळा.

फी परवडत नसेल तर सोपा नियम पाळा. जुना, राखाडी, नालीदार सिमेंटचा पत्रा आहे, तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चाला. बिनॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रेही बाजारात आहेत, पण नुसते पाहून दोन्हींतला फरक मिस्त्रीलाही कळत नाही आणि आम्हालाही. पत्र्याबरोबर जुने सिमेंटचे सांडपाण्याचे पाइप आणि पाण्याच्या टाक्याही लक्षात ठेवा. त्या काळात त्याही याच मालाच्या बनत.

काढावाच लागतो का?

पत्रा धड असेल, गळत नसेल, तर न काढणे हाच सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त उपाय आहे. वरून रंगाचा थर दिला की पृष्ठभाग झाकला जातो, पांढरा रंग दिला तर घरही थोडे गार राहते. फक्त रंगाआधी शेवाळ काढायला तारेचा ब्रश घासू नका, आपल्याकडे नेमके तेच करतात. फट लहान असेल तर वरून भरून घ्या. पंखा टांगायला, केबल ओढायला पत्र्याला भोक पाडू नका, शेजारचा वासा किंवा लोखंडी अँगल वापरा.

काढायचाच असेल तर काम मोठे आहे की लहान ते पाहा. विहार, शाळा, समाजमंदिर, चाळीचे अख्खे छप्पर असे काम असेल तर कारखान्यांत ॲस्बेस्टॉस काढणाऱ्या कंपन्यांकडून दर मागवा आणि वर्गणीच्या हिशेबात तो खर्च आधीच धरा. पुनर्विकासात वस्ती पाडणार असतील तर पाडायच्या आधी बिल्डरला लेखी विचारा: पत्रे कोण काढणार, कसे काढणार, कुठे नेणार? सोसायटीच्या सभेत हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. फर्निचर आणि पार्किंगवर आपण तासभर भांडतो, यावर पाच मिनिटे तरी बोलू.

एका घराच्या आठ-दहा पत्र्यांसाठी अशी कंपनी मिळणे कठीण. मग मिस्त्रीशी आधी बसून ठरवा. त्या दिवशी मुले, म्हातारी माणसे, गरोदर बाई पलीकडच्या गल्लीत. शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे आत, पिण्याचे पाणी झाकलेले. घरातले सामान आणि माळा प्लास्टिकने झाका. वस्तीत छपरावरून वायरी गेलेल्या असतात, म्हणून पाणी मारायच्या आधी मेन स्विच बंद करा आणि शेजारची वायर आपल्या पत्र्यावर टेकलेली नाही ना, ते बघून घ्या. मग पत्रा ओला करा. पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब टाकले की ते नीट मुरते. जोराची धार नको, फवारा हवा.

पत्र्यावर पाय देऊन उभे राहू नका. जुना पत्रा वरून भक्कम दिसतो आणि अचानक मोडतो, खाली पडून माणसे मेली आहेत, आणि ओला झाला की तो निसरडाही होतो. शिडी किंवा परांची लावून खालून काम करा, वर जावेच लागले तर वाशांवर टेकलेल्या रुंद फळीवरून. नट आणि हूक पान्याने सोडवा. गंजून बसले असतील तर बोल्ट कटरने बोल्ट कापा, पत्रा कापू नका. सुटलेला पत्रा अख्खा, दोघांनी धरून, दोरीने खाली उतरवा. वरून फेकू नका. कटर मशीन त्या दिवशी कामावर आणूच नका, म्हणजे मोहच होणार नाही.

तोंडाला रुमाल, ओढणी, किंवा कोरोनाच्या काळातला निळा मास्क चालणार नाही. हे तंतू त्यातून आरपार जातात. घट्ट बसणारा एन-९५ हा अगदी किमान. त्याहून चांगला पी-३ फिल्टरचा मास्क, तो कामगारांच्या सुरक्षेचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. दाढी असेल तर कोणताही मास्क नीट बसत नाही. मास्कचे पैसे घरमालकाने द्यावेत, मिस्त्रीच्या मजुरीतून कापू नयेत. अंगभर कपडे घाला, काम झाल्यावर ते न झटकता ओले करून पिशवीत बंद करा. जुने असतील तर टाकूनच द्या, घरच्या धुण्यात अजिबात मिसळू नका. मग साबणाने आंघोळ.

काम झाल्यावर झाडू नको, घरचा व्हॅक्यूमही नको. ओल्या फडक्याने पुसा, फडके फेकून द्या.

काढलेला पत्रा कुठे जाणार

हा भाग सगळ्यात अवघड आहे, आणि तो सोपा असल्याचे आम्ही भासवणार नाही. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचरा पुरण्याची केंद्रे आहेत, पण ती मुख्यतः कारखान्यांसाठी. मोठे काम असेल तर कंत्राटदाराने माल तिथेच न्यावा अशी अट करारात घाला आणि नेल्याची पावती मागा. लहान कामाला निदान एवढे करा: अख्खे पत्रे आणि तुटके तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळा, टेपने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत 'ॲस्बेस्टॉस, फोडू नये' असे लिहा. प्रभाग कार्यालयाच्या घनकचरा विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एका घराचा अर्ज बाजूला पडतो, तीस घरांचा पडत नाही. मंडळाने पुढाकार घेतला तर वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, वस्तीचे सगळे पत्रे एकत्र उचलायची मागणी करता येईल.

तुकडे गल्लीच्या भरणीत टाकू नका, गटारावर झाकण म्हणून ठेवू नका, मोरीचा आडोसा करू नका. डेब्रिजच्या गोणीत ते लपवले तर कचरा वेचणाऱ्या मावशी ती गोणी उघडणार आहेत. जुने पत्रे भंगारात विकूनही प्रश्न सुटत नाही, तो पलीकडच्या वस्तीत कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो.

नवे छप्पर घालताना दुकानदाराकडून बिलावर 'ॲस्बेस्टॉसमुक्त' असे लिहून घ्या. लोखंडी पत्रा घेतला तर उष्णतेसाठी खालून काहीतरी अस्तर लागेल, त्याचा खर्च आधीच धरा.

वहीत लिहून ठेवा

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. कारखान्यांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. आजार किती उशिरा येतो हे न्यायालयाने ओळखले होते. मुंबईत मुलुंड, घाटकोपरला असे कारखाने होते, तिथे कुणाच्या घरातले कुणी कामाला असेल तर जुने हजेरी कार्ड, पगाराची पावती, पीएफचा कागद, जे असेल ते जपून ठेवा. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे, भरपाई मागताना हेच कागद लागतात.

नाक्यावरच्या कामगाराची नोंद मात्र कुणी ठेवत नाही. ती आपण ठेवू. घरातल्या एका वहीत लिहा: कोणत्या साली, कुठे, किती दिवस पत्रे काढले, मशीन वापरली का, मास्क होता का. विहाराच्या कामाला आलेल्या तरुणांची यादी आम्ही उशिरा का होईना, आता केली आहे.

पुढे कधी थोड्या चालण्याने दम लागू लागला, कोरडा खोकला महिनोन् महिने राहिला, छातीत दुखू लागले, तर ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आधी टीबीची तपासणी करून घ्या, आपल्याकडे तो जास्त आढळतो आणि औषधाने बरा होतो. पण थुंकीची तपासणी निगेटिव्ह येऊनही त्रास चालूच राहिला, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, "डॉक्टर, मी इतकी वर्षे सिमेंटचे पत्रे फोडायचे काम केले आहे." एवढे ऐकल्यावर ते एक्स-रे वेगळ्या नजरेने पाहतील, गरज पडली तर श्वासाची चाचणी आणि छातीचा सीटी स्कॅन सांगतील. बिडी ओढत असाल तर तीही त्याच दिवशी सांगा.